पान त्रेपन्न

माझं नाव जाहिरातीत कधीच नव्हतं.
विंगेत, स्टुलावर, चाळीस वॉटच्या बल्बखाली
वही धरून बसायचा तो मी.
प्रॉम्प्टर. वेंगुर्ल्याचा.
दिवसा नगरपालिकेत घरपट्टीच्या पावत्या फाडायचो.

ती प्रयागी आबा मेस्त्री.
पुढे पडद्यावर रूपश्री, कारण निर्माता म्हणाला,
प्रयागी हे नाव पोस्टरवर म्हातारं दिसतं.

तिचा बाप दशावतारात बायका करायचा.
जत्रेच्या रात्री देवळामागे
पेटाऱ्यावर आरसा टेकवून ओठ रंगवता रंगवता
त्याने लेकीला चालणं शिकवलं:
"चेडवा, आधी अंगठो टेक, मगे टाच.
आणि रडू नको. रडू आडव.
रडतले ते समोरचे."

दशावताराला संहिता नसते.
तोंडाला येईल ते, सुचेल तसं, पहाटेपर्यंत.
म्हणून ती आमच्या तीन अंकी छापील नाटकात आली
तेव्हा माझे हाल सुरू झाले.
मी पान अठरावर, ती कुठेच नाही.
नाटककाराचं वाक्य गार पेजेसारखं बाजूला सारून
ताजं काहीतरी बोलायची,
आणि शेवटी बरोबर समोरच्याच्या शब्दापाशी आणून सोडायची,
खाडीतून कुठूनही वळलेली होडी
धक्क्यालाच लागावी तशी.

सावंतवाडीच्या प्रयोगाला
दुसरा अंक चालू असताना तार आली.
सही करून मीच घेतली.
मध्यंतरात द्यायला नको होती.
दिली.

तिसरा अंक. पान त्रेपन्न.
नवरा दार लोटून गेलेला.
ती दाराकडे बघते आणि एक वाक्य म्हणते,
असं लिहिलेलं.
ती बघत राहिली.
मी वाक्य दिलं. हळू. मग मोठ्याने,
पहिल्या रांगेतल्या मामलेदारालाही ऐकू गेलं असणार.
तिने घेतलं नाही.
पंखा करकरत होता. एक मूल खोकलं.
मग आधी अंगठा, मग टाच टेकत
ती दारापाशी गेली
आणि कडी काढून ठेवली.
बस.

वर्तमानपत्राने लिहिलं, असा विराम
रंगभूमीने पाहिला नव्हता.
कुडाळला तिने तो पुन्हा घेतला. तेवढाच.
बावीस सेकंद, मी घड्याळ लावून बघितलं,
आणि वहीत पेन्सिलीने लिहिलं:
इथे काही देऊ नये.

तो विराम मुंबईला गेला, पदकं घेऊन आला,
त्यानेच तिला सिनेमात नेलं.
तिथे बोलायला फारसं नव्हतंच.
बत्तिसाव्या वर्षी ती एक्केचाळीस वर्षांच्या नायकाची आई झाली.
अकरा वेळा मेली, त्यात सात वेळा क्षयाने.
तंबूत सिनेमा लागला की तिची आई
पुढे कनातीला टेकून बसायची
आणि मरणाआधीच उठून घरी यायची:
"माका म्हायत आसा, आता ता मरतला."

आता ती परत आलीय. गुडघे दुखतात.
बाजारातली गाबतीण तिला ओळखते,
भाव कमी करत नाही.

काल अंगणात आमसुलं उलटताना,
बोटं जांभळी, डोळे उन्हाने बारीक,
तिने विचारलं, "काय रे होतं ते वाक्य?"

एकशे शहाण्णव प्रयोग
मी ते तोंडात धरून बसलो होतो.
सांगितलं.
दोनदा पुटपुटून बघितलं तिने,
एकदा बापाच्या आवाजात.
"बरं झालं. ओठात बसलं नसतं," म्हणाली.

मग बऱ्याच वेळाने,
सुपात सोलं भरता भरता,
माझ्याकडे न बघता:
"तार तेवढी उशिरा द्यायची होतीस."

मी वही नसलेले हात मांडीवर ठेवले.
इथे काही दिलं नाही.