फाया

मार्केट यार्डातल्या आमच्या पतसंस्थेत
खिडकीपाशी मगदूमबाई, डावीकडे मी,
मधे मान वळवणारा टेबलफॅन.
तो माझ्याकडून तिच्याकडे वळला
की बाईचा रुमाल नाकाशी.
मी मनात म्हणायचो, सोलतेय कांदे नाकानं.

हिना लावतो मी. मिरजेच्या दस्तगीर अत्तारांकडची.
मनगटावर दोन थेंब, कानाच्या पाळीत फाया,
दादा लावायचे तसा.
दादा हरिपूरला हळदीच्या पेवांवर हमाल.
आंघोळ कितीही करा, घाम पिवळाच यायचा.
लग्नात पंगतीला बसले की कुणीतरी हमखास,
"हळद आली, नवरदेव कुठाय?"
तेव्हापासून फाया.
म्हणजे बघा, तो नुसता वास नव्हता.

ऑडिटच्या दिवशी चार थेंब लावले.
साडेअकराला बाई उठली, खुर्ची पाडून,
जिन्यात बसली,
पर्समधला पंप दोनदा तोंडात दाबला.
मी पाणी घेऊन गेलो
तर हातानंच खुणावलं, लांब.
पुष्कळ वेळानं, पायरीकडं बघतच:
"हळदीनं मला काही होत नाही, बंडगर,
जन्म गेलाय इथं.
तुमची बाटली तेवढी…
आठ महिने सांगीन म्हणते.
पण माणसाला कसं सांगायचं, तुमचा वास?
शब्दच असा आहे. लागतो."

लागला.
रात्री बायकोला म्हटलं,
उद्या म्हणतील श्वाससुद्धा घेऊ नका.
ती भाकरी थापत होती. थांबली नाही.
"तेच तर ती म्हणतेय. घेऊ द्या."

झोप येईना. पेव आठवलं.
तोंड उघडलं म्हणून दादा
लगेच कुणाला उतरू देत नसत.
आधी दोरीला बांधून कंदील सोडायचे.
विझला, तर काठावर बसून राहायचं
आतली हवा बदलेपर्यंत,
मुकादम कितीही ओरडो.
आठ महिने माझ्या शेजारी
कंदील फडफडत होता.

शर्ट तीनदा धुतले. कॉलरमधली हिना जाता जाईना.
शेवटी दोन नवे घेतले, गणपती पेठेत, सेलमधले.
सोमवारी कान मोकळा.
चारचौघांत बनियनवर आल्यासारखं.
फॅन वळला. मी श्वास धरला.
बाई पासबुकांवर शिक्के मारत राहिली.
"बंडगर, शाईपॅड कोरडं पडलंय."
एवढंच.
दुपारी बाही नाकाशी नेऊन बघितली:
साबण, घाम, तळाशी यार्डातली हळद.
दादा कामावरून आले की
दारातूनच यायचा, तो.

बाटली आता रविवारची.
संगमावर जातो, वारा कुठून आहे बघतो,
मग बूच काढतो.
परवा येताना बसमध्ये मागची सीट धरली, काच सरकवून.
कडेवर पोर घेतलेली एक बाई शेजारी टेकली.
पोराच्या छातीत घरघर.
मी उठलो, दारापाशी जाऊन उभा राहिलो.
तिला वाटलं, जागा दिली.
"बसा की काका," म्हणाली,
"पुरंल दोघांना."