खुलासा

कामाठीपुऱ्यात इमारत बसली त्या रात्री
मी ढिगाऱ्यापाशी उभा राहून चपला मोजल्या होत्या.
पालिका म्हणत होती, नऊ.
चपला निघत होत्या एकोणीस जणांच्या
आणि एक लहान बूट, डाव्या पायाचा.
फोर्टच्या कचेरीत रात्रपाळीच्या हळब्यांनी विचारलं,
एकोणीस कुणी सांगितलं?
म्हटलं, सूत्रांनी.
त्यांनी चष्म्यावरून बघितलं
आणि शहर आवृत्ती थांबवली.

पुढं मुलीचं अ‍ॅडमिशन, गोरेगावचा हप्ता,
पुरवणीत वास्तुशास्त्र,
आणि एका दुपारी साहेबांच्या पीएचा फोन:
आम्हाला मराठी लिहिणारा माणूस हवाय.
मराठी लिहिणारा.
बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आता मंत्रालयात बसतो, चौथ्या मजल्यावर.
साहेब बोलतात ते लिहितो,
बोलले नाहीत तेही लिहितो,
आणि बोलले ते तसं बोललेच नव्हते,
हे तर झोपेतही लिहीन.
'वि' दाबला की मोबाइल स्वतःच 'विपर्यास' पुरा करतो.
पत्रकार कक्षात मी शिरलो की
जुने दोस्त आवाज खाली आणतात.
मीही असाच आणायचो,
त्यामुळं काय चाललंय ते ऐकू न येताही कळतं.

काल भायखळ्यात जिना कोसळला.
निवेदन तयार होतं: दुर्दैवी, सखोल, कठोर.
'बळी' खोडून 'मृत्यू' केलं होतं.
साहेबांनी स्वतःच्या हातानं 'त्वरीत' लिहिलं होतं,
ते आधी ऱ्हस्व केलं.

पावणेबाराला मेसेज. वैदेही शिरढोणकर.
नवी आहे, सहा महिनेही झाले नसतील.
'सर, जिन्याची तक्रार मंत्र्यांकडे आली होति का?'

होति.

तक्रार माझ्या टेबलावरच होती,
आमचा आवक शिक्का, मार्चमधली तारीख,
त्यावर माझ्याच कपाचा गोल डाग.

बराच वेळ बघत राहिलो.
मग एवढंच लिहिलं:
'होती'. ती दीर्घ.
पाठवलं, फोन पालथा ठेवला.
सवयच आहे, चूक दिसली की हात जातो.

फोन थरथरला.
'थँक्यू सर. सूत्रांनुसार टाकू?'

मी टाइप करत होतो, खोडत होतो,
पुन्हा टाइप करत होतो.
तिला तिकडं दिसत असणार
तीन ठिपके,
उमटणारे, विझणारे.