इमान

बोरटोल्याच्या धावपट्टीवर
हैदराबादचं विमान पाच दिवसांपासून उभं आहे.
डाव्या चाकाच्या ब्रेकमधून तेल पाझरतंय,
मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यासारखं, थेंब थेंब.
हवी आहे एक रबरी कडी.
माझ्या धाकटीच्या मनगटात बसेल एवढी.
किंमत, पायलीभर लाखोळीच्या डाळीची.

फाटकापाशी समोसे तळणारा झाडू पटले विचारतो,
"काहो मॅडम, इमान आजबी उभंच?"
त्याचे रोज दीडशे समोसे
त्या विमानाबरोबर उडतात.
आता उकडलेले बटाटे तो गाईपुढे टाकतो.

उभा बैल फक्त कडबा खातो.
उभं विमान काय काय खातं ते माझ्या वहीत आहे:
तासाचं भाडं, चाक फिरो की न फिरो,
बहात्तर तिकिटांचे परतावे,
वैमानिकांच्या गोंदियातल्या लॉजवरच्या रात्री,
बर्फ वितळून टोपलीतच वास मारू लागलेले तलावातले झिंगे.
आणि एका पोराची मुलाखत,
तिला कुठल्याच रकान्यात जागा नाही.

कडी निघाली आहे म्हणे.
कुठल्यातरी बर्फाळ गावातून निघाली, मुंबईत उतरली,
तिथे कस्टमच्या टेबलावर
एका सहीसाठी शुक्रवारपासून बसली आहे.
सही करणारे मेहुण्याच्या लग्नाला गेलेत.
कंपनीचे लोक याला साखळी म्हणतात,
पडद्यावर एका बाणातून दुसरा बाण काढून दाखवतात.
मला ती रोवणीसारखी दिसते.
बांधीत वाकलेल्या बायांची रांग.
पऱ्हे देणारी एक जण पाठ सरळ करते
आणि पार धुऱ्याकडची बाई
चिखलात, रिकाम्या हातांनी उभी.

मार्चमध्ये मी मागणी लिहिली होती, नग दोन.
वरच्या ऑफिसात कुणीतरी लाल पेनानं दोनाचा एक केला.
शेरा: माल पडून राहिला की पैसा झोपतो.
झोपू द्यायचा होता ना बाप्पा!
आता पाच रात्री कोण कोण जागं आहे, पाहा.

आज दुपारी, तिसऱ्या रॅकच्या मागं,
बल्बच्या खोक्यात चुकून पडलेली
एक कडी सापडली.
काळी, गुळगुळीत, पिशवीत बंद.
टेकचंद मेकॅनिकनं शिट्टी मारली.
रहांगडाले साहेब फोनवर ओरडले, "भेटली! भेटली!"
मग मी पिशवीवरची तारीख वाचली.

रबरालाही वय असतं.
तिचं अकरा दिवसांपूर्वी संपलं होतं.

"अकराच," रहांगडाले म्हणाले.
वाईट माणूस नाही तो.
रात्री दोन-दोनदा वरून विचारतात त्यांना,
हा मार्गच बंद करायचा का?
मार्ग बंद झाला की बोरटोला पुन्हा नुसता बोरटोला.
टेकचंद बुटांकडे बघत राहिला.
कडी नवीच दिसत होती, खोटं कशाला सांगू.
ताणून पाहिली. तुटली नाही.

मी खण उघडला, कात्री काढली
आणि कडीचे दोन तुकडे केले.
नियमच आहे तसा,
उद्या कुणाच्या हाताला मोह नको.
वहीत लिहिलं: नग एक, बाद.
देवका तुरकर, भांडारपाल. तीन वाजून वीस.

कुणी काही बोललं नाही.
पंखा कुरकुरत होता.
मागणीचा कोरा कागद घेतला, नग दोन लिहिलं,
आणि खाली अक्षरी: दोन फक्त.

संध्याकाळी फाटकातून सायकल काढताना
पटले राखेनं कढई घासत होता.
मान वर न करताच म्हणाला,
"काहो मॅडम, इमान?"

"आहे," म्हटलं.
"उभंच आहे."