सातूचा गड

फीत घेऊन आलेला पोरगा विचारतो,
हा गड कोणत्या राजाचा?
आधी बूट काढ, म्हणतो मी.
या फरशांना टाचा सोसत नाहीत.

राजा नव्हता रे.
सातू होता. बदाम, मध,
बुधल्यांतलं आर्गनचं तेल,
आणि खाली चार गावं, एकमेकांच्या उरावर बसलेली.
टोळ यायचे. घोडेस्वार यायचे.
चार-चार वर्षं अ‍ॅटलासवर ढग फिरकायचा नाही.
मग या कड्यावर, जिथे बकरीसुद्धा
विचार करून खूर टेकते,
त्यांनी दाण्याभोवती तट बांधला.
माणसं राहिली खाली, मातीच्या घरांत.
दाणा वर.

लिहून घे. दरवाजा एकच.
कमरेत वाकल्याशिवाय आत येता येत नाही,
करवसुलीला आलेल्या सरदारालाही आलं नव्हतं.
आत बोळ, दोन्ही खांदे घासतील एवढा,
आणि दोहों बाजूंना खोल्या, एकीवर एक, पाच मजले.
जिना नाही.
भिंतीतून जीभ काढावी तशा आलेल्या फरशा,
त्यांवर पाय, पाठीवर पोतं.
माझी आई सातव्या महिन्यात पाचव्या मजल्यावर चढायची.
मी आत होतो.
उंचीची भीती मला तिथूनच नाही.

दाराच्या तळाशी हे भोक बघ, वीतभर.
बंदुकीसाठी? पोरगा विचारतो.
मांजरासाठी.
या गडाची फौज म्हणजे तेवढीच.

एकशे चौदा किल्ल्या आहेत माझ्याकडे,
लाकडाच्या, हातभर लांब,
पुढे खिळ्यांचे दात.
दिवा लागत नाही मला. दात चाचपले
की घराणं कळतं.

आणि कायदा त्या फळीवर:
आत भांडला त्याला एक मेंढी दंड.
रक्ताचा वैरी असला तरी बुरुजाच्या सावलीत
त्याच्यावर बोट उचलायचं नाही.
पणजोबा अमीन होते तेव्हाची गोष्ट.
इद्दर आणि हम्मू, एकाने दुसऱ्याचा भाऊ मारलेला,
दुसऱ्याने पहिल्याचा.
वाऱ्याने वाट मोडली, दोघे आत अडकले.
तीन दिवस बोळात समोरासमोर,
गुडघ्याला गुडघा.
बोलले नाहीत.
चौथ्या सकाळी हम्मूचं पोतं फरशीवरून घसरलं
आणि इद्दरने खालून खांदा दिला.
एवढंच. पुढे खाली उतरल्यावर
काय झालं, ते घरात कुणी सांगत नाही.

एकसष्ट नंबरची खोली तुडाची.
सगळं घर लीलला गेलं, फ्रान्सात.
दर ईदला फोन येतो: आमची खोली आहे ना, दा बिही?
आहे, म्हणतो.
भूकंपात छत बसलं, ते सांगत नाही.
बांबूच्या नळीतला तिच्या आजीचा निकाहनामा
माझ्या उशाखाली आहे,
पण तो मागितलेला नाही कुणी अजून.

पोरगा विचारतो, बांधकामाचं साल?
मी त्याला मागच्या भिंतीकडे नेतो.
गिलाव्यात गवंड्याची पाच बोटं उमटलीत.
करंगळी अर्धीच.
तो फीत लावतो, मग काढून घेतो,
आणि काहीच लिहीत नाही.

वीस वर्षांत दाणा चढलेला नाही इथे.
तरी संध्याकाळी ती करडी मांजर
त्रेचाळीसच्या भोकातून आत जाते,
सगळ्या रिकाम्या कोपऱ्यांचा वास घेते,
आणि माझ्याकडे न बघता
चव्वेचाळीसकडे निघते.