हातचा

नोव्हेंबरात हीउमा बेटावर
शाळेची घंटा अंधारातच होते.
ओले बूट दाराशी काढून
अकरा मुलं मोज्यांवर घसरत वर्गात येतात
आणि माझ्या टेबलावर उजळतात
अकरा हिरवे ठिपके.

हिरवा म्हणजे मूल कामात आहे.
पिवळा म्हणजे रेंगाळतंय.
तांबडा म्हणजे, सॉफ्टवेअरच्या शब्दांत, निष्क्रिय.

मी काही यंत्रांची वैरीण नाही.
मी फळ्याकडे वळले की मिर्तेलसाठी
माझे ओठ पुसले जायचे.
आता माझं बोलणं तिच्या पडद्यावर उमटतं,
बरंचसं बरोबर.
कधी वाऱ्याच्या जागी विस्तव उमटतो,
आमच्या भाषेत दोघांत तेवढंसंच अंतर आहे.
ती हात वर करते:
"बाई, बंदरावर आज विस्तव सुटलाय?"
वर्ग हसतो, सगळ्यांत आधी ती.
तीन वर्षं प्रत्येक हसण्याला
ती एक क्षण उशिरा पोचायची.

तर त्या मंगळवारी उकूचा ठिपका तांबडा झाला.
गणित साधंच होतं.
फेरीबोटीतून सकाळी सदतीस गाड्या गेल्या,
दुपारी अठ्ठेचाळीस. एकूण किती?
सात नि आठ पंधरा, पाचाला पाच, हातचा एक.
तो हातचाही हल्ली यंत्रच धरतं,
मुलांची बोटं मोकळी.
लीसाला चांदणी मिळूनसुद्धा झाली होती.

सहा मिनिटं. नऊ. अकरा.
पडद्यावर चौकट उघडली:
'विद्यार्थ्याला सोपा प्रश्न पाठवू का?'
बोट माझं 'हो'वर गेलं होतं, खोटं कशाला बोलू.
मग खुर्ची मागे सारली.
त्याच्या बाकापर्यंत सहा पावलं होती.

टॅब पालथा. उकू खिडकीकडे बघत होता,
जिथे काच सोडून काही दिसत नव्हतं.
"बाई, दुपारची बोट सुटलीच नसणार."
त्याचे बाबा त्याच बोटीवर दोर बांधतात.
"असल्या वाऱ्यात एकच फेरी होते.
मग त्या अठ्ठेचाळीस गाड्या कुठे थांबल्या?
आणि एखादीत कुणी आजारी असेल तर?"

मी बाकीचे दहा ठिपकेही तांबडे होऊ दिले.
फरशीवर खडूनं धक्का आखला,
दाराशी जाऊन बूट आणले, ओलेच.
बावीस बूट, गाड्या अठ्ठेचाळीस.
उरलेल्या सव्वीसांसाठी टोप्या, हातमोजे,
एक अर्धं खाल्लेलं सफरचंद.
रांग फळ्यापासून निघून
स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली.
हेल्गी मावशी सूपचं पातेलं घेऊन आल्या
आणि ट्रॅफिकमध्ये अडकल्या.

त्यानंतर टॅब उघडले.
आता प्रश्न आमचे होते.
दहा वर्षांचा वारा, दहा वर्षांच्या रद्द फेऱ्या,
मिर्तेलनं आलेख काढला,
लीसाला सापडलं की फेब्रुवारी सगळ्यात दुष्ट.
हे खडूनं झालं नसतं.
महिना लागला असता मला, वह्या शोधण्यातच.

संध्याकाळी अहवाल आला:
उकू, निष्क्रिय, सत्तेचाळीस मिनिटं.
खाली कारणासाठी चौकट, इवलीशी.
मी लिहिलं: हातचा धरला होता.
यंत्र म्हणालं, कृपया यादीतून कारण निवडा.
यादीत होतं आजारपण, गैरहजेरी, तांत्रिक बिघाड.

चौकट तशीच ठेवून दिवे मालवले.
त्या गणिताखाली उकूचं उत्तर अजून कोरं आहे.
बाबा घरी पोचले की विचारून सांगतो,
म्हणालाय.