वेल्टाची मोजणी

लिएपायात, स्मशानाच्या फाटकाशी
वेल्टाची फुलांची टपरी.
जित्यांना एकी, गेलेल्यांना बेकी,
हा तिथला रिवाज. चुकलं तर
वाढदिवसाची पोर दचकते.

म्हणून बादली आली की आधी ती विभाजक काढते.
बहात्तर असली तर बरं :
नऊ-नऊच्या आठ जुड्या लग्नाला,
नाहीतर आठ-आठच्या नऊ, थडग्यांना.
फुलं तीच.

पंचाहत्तर आली की
तीन, पाच, पंधरा, पंचवीस...
मरणाने भागच जात नाही;
संध्याकाळी एखादं फूल
ओशाळं होऊन बाकी उरतं.

काल चौसष्ट ट्यूलिप.
निम्मे कर, निम्म्याचे निम्मे कर,
बेकीच बेकी.
गारठल्या बोटांनी पुन्हा मोजलं,
कुठे एखादा तीन दडलाय का.
मग स्वतःशीच हसली :
अगं, एक आहे की!
एकाने कुणालाही भाग जातो.

ट्रॅमच्या थांब्यावर उभी राहून
दिसेल त्याला एकेक विकलं —
खलाशाला, दाढदुखीने गाल धरलेल्या मास्तरला,
भांडून निघालेल्या दोघांना वेगवेगळं.

चौसष्टावं आर्विड्सला.
अकरा वर्षं ती त्याला दोन नेते.
काल एकच ठेवलं.
शेजारच्या थडग्यावरची बाई बघत राहिली.
वेल्टा म्हणाली,
मोजून आणलंय.