दोन नंबरचं पीठ

फहाहीलमध्ये पिठाला नंबर असतात.
बकाल्यातला कुंजुमोन विचारतो, एक की दोन?
मी म्हणते, दोन,
आणि दर वेळी ओठ दाबून धरते,
कारण आमच्या इचलकरंजीत
दोन नंबरचं म्हटलं की
लोक आधी आजूबाजूला बघतात.

दोन नंबरचं पीठ, लबनची बाटली,
खायचा सोडा, मीठ.
बस.
यीस्ट नाही.
ओल्या फडक्याखाली काय फुगतंय ते
तासातासानं उचलून बघणं नाही.
इथं आधीच सगळे कशाची ना कशाची वाट बघतायत,
अकाम्याची, सुट्टीची, बायकोच्या व्हिसाची.
निदान पिठानं तरी ताटकळवू नये.

शिकवलं ब्रीदनं.
आमच्या डायलिसिसची हेड सिस्टर, आयर्लंडची,
उन्हात दोन मिनिटांत लाल व्हायची.
तुझ्या नावाचा आमच्याकडे अर्थ आहे, मी म्हटलं.
काय?
माणूस मरेपर्यंत सोडत नाही, ते.
ती म्हणाली, मग माझं बारसं चुकलं.
तीन देश सोडले मी, आणि एक नवरा.

दिवसभर मी बायकार्बोनेटचे कॅन
यंत्रांना जोडत असते.
चार-चार तास माणसांचं रक्त
बाहेर फिरून, धुऊन, पुन्हा घरी जातं.
आणि संध्याकाळी तोच सोडा
चमचाभर, सपाट,
परातीत.
पहिल्यांदा हात जरा थबकलाच.

मळू नकोस! ब्रीद ओरडली होती.
मळू नकोस म्हणजे?
माझ्या तळहाताला दुसरं येतं काय?
रग लागेस्तोवर मळलं नाही
तर भाकरीला कडेनं चिरा जातात,
आणि आत्ती त्या चिरा
जेवणाऱ्यांसमोर मोजून दाखवायची.
ब्रीदचा फोन आला, ती गॅलरीत गेली,
आणि मी घेतलं मळून, चोरून, चांगलं दणकून.
निघाला तो ब्रेड नव्हता.
वावटळीच्या दिवसांत शीजा
गॅलरीचं दार त्याला टेकवून ठेवायची.
मुंग्यासुद्धा लागल्या नाहीत त्याला.

आता बोटांचा नुसता पंजा करते,
दोन-तीनदा फिरवते,
चिकट, ओबडधोबड गोळा तसाच सोडते.
सगळ्यात अवघड तेच आहे,
सोडणं.

वरून सुरीनं फुली, खोल.
त्यातून पऱ्या बाहेर जातात, ब्रीद म्हणायची.
आणि मधलं कच्चं राहत नाही,
हेही तितक्याच गंभीरपणे.
मला फुली म्हणजे चुकलेलं गणित एवढंच ठाऊक.
फुली मारून काही
भट्टीत सरकवायचं असतं,
हे इथं येऊन कळलं.

उम्म जासिमनं परवा
सुई लावताना माझी बाही हुंगली.
खुब्ज?
खुब्ज, मी म्हटलं.
तिला द्यायचा नाही. मीठ, ताक, सोडा,
सगळंच तिला वर्ज्य.
तिनं डोळे मिटले, बाही धरून ठेवली,
यंत्रानं पीं केलं तेव्हा सोडली.

मे महिन्यात ब्रीद गेली कायमची.
जाताना काळा पडलेला ट्रे दिला, आणि जाड हातमोजे,
उजव्याचा अंगठा जळालेला.
मागच्या आठवड्यात फोनवर विचारलं,
रोज करत असशील ना तिकडे?
ती हसली. वेडी का तू?
दुकान दोन मिनिटांवर आहे.

बाहेर आज इतकी धूळ
की समोरची मशीद नुसती हिरव्या दिव्याची.
चाळीस मिनिटं झाली.
कापडात धरून उलटा करते,
बुडावर टिचकी मारते.
पोकळ वाजला की झाला, असं तिनं सांगितलेलं.
पोकळ वाजणाऱ्याला आमच्याकडे
कुणी चांगलं म्हटलेलं ऐकलं नव्हतं.

गरम ब्रेड कानाशी धरून
मी उभी, पुन्हा एक टिचकी.
आतल्या खोलीतून शीजा विचारते,
कुणाचा गं फोन?